खुर्चीवर बसलेल्यांची संस्था

ऑस्ट्रेलियात एक संस्था आहे. तिचं नोंदणीकृत नाव असं: वेस्टर्न डेझर्ट न्गानाम्पा वालिट्जा पालियांट्जाकु टुटाकु ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन. ॲलिस स्प्रिंग्ज या वाळवंटातल्या शहरात तिचं जे घर आहे ते जांभळ्या रंगाचं, म्हणून सगळे तिला सरळ 'पर्पल हाऊस' म्हणतात. पण मूळ नाव वाचण्यासारखं आहे. पिंटुपी-लुरिट्जा भाषेतल्या त्या शब्दांचा अर्थ साधारण 'आपल्या सगळ्या घरच्यांना बरं करणं' असा होतो. 'वालिट्जा' म्हणजे कुटुंब, नातलग, आपली माणसं.

ही संस्था वाळवंटातल्या लहान लहान वस्त्यांमध्ये डायलिसिस केंद्रं चालवते. तिचे सभासद आणि संचालक ॲबोरिजिनल आहेत. ज्या आजारासाठी ती उभी राहिली, तो यांच्या घराघरात आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हॉस्पिटलांना लागणारं सॉफ्टवेअर लिहिते. डायलिसिसच्या वेळापत्रकाचं एक मॉड्यूल माझ्याकडे असतं. पेशंट ठरलेल्या वेळी आला नाही, की नर्सने यादीतून कारण निवडायचं असतं. त्या यादीत एक पर्याय असतो: 'नॉन-कम्प्लायंट'. म्हणजे पेशंट ऐकत नाही, उपचार पाळत नाही. डायलिसिस चुकवलं तर जिवावर बेततं, हे पेशंटला डॉक्टरइतकंच माहीत असतं. तरी माणसं का चुकवतात, हे वाचता वाचता मी पिंटुपी लोकांच्या इतिहासापर्यंत पोचले आणि तिथे मला कारभाराची एक गोष्ट सापडली. 'कम्युनिटी-रन' हा शब्द आपण हल्ली कशालाही चिकटवतो. तो खरा ठरायला काय काय लागतं, ते या संस्थेच्या इतिहासात दिसतं.

एक खुलासा आधीच करते. पिंटुपी रिवाजात गेलेल्या माणसाचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत. या गोष्टीतले अनेक जण आता हयात नाहीत, म्हणून त्यांची नावं मी इथे घेतलेली नाहीत.

रॉकेटच्या वाटेतली माणसं

पिंटुपींचा प्रदेश ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, पश्चिमेच्या वाळवंटात आहे. आज तो नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांच्या सीमेवर दोन्हीकडे पसरलेला दिसतो, पण ही सीमा नकाशावर आखली गेली तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गोऱ्यांशी त्यांचा संबंध फार उशिरा आला. १९५० आणि ६० च्या दशकांत सरकारी गस्तीच्या गाड्या वाळवंटात फिरू लागल्या. त्यामागे एक कारण तांत्रिक होतं: वूमेराच्या तळावरून सुटणारी ब्ल्यू स्ट्रीक रॉकेटं याच प्रदेशावरून जाणार होती. रॉकेटच्या वाटेत माणसं आहेत हे तेव्हा यंत्रणेच्या ध्यानात आलं.

अनेक पिंटुपी कुटुंबं पूर्वेला आणली गेली, काही स्वतःहून आली. त्यांना ठेवलं पापुन्या या नव्या सरकारी वस्तीत, ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे २४० किलोमीटरवर. धोरण होतं 'सामावून घेण्याचं', म्हणजे या लोकांनी हळूहळू गोऱ्यांसारखं व्हायचं. जेवण रेशनचं: मैदा, साखर, चहा. गर्दी, अनोळखी जमाती, नवे आजार. पहिल्या काही वर्षांतच तिथे कितीतरी माणसं दगावली.

शेवटचं पिंटुपी कुटुंब वाळवंटातून बाहेर आलं ते १९८४ मध्ये. नऊ जण होते. म्हणजे भारतात घरोघरी टीव्ही येत होता, तेव्हा हे नऊ जण पहिल्यांदा मोटार पाहत होते. या गोष्टीतला सगळा कारभार, कंपन्या, कायदे, ऑडिट, सर्वसाधारण सभा, हे सगळं एका पिढीच्या आत घडलंय.

चित्रांची कंपनी

१९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाचे एक शिक्षक पापुन्याच्या शाळेत आले. त्यांच्या प्रोत्साहनाने वस्तीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या ट्जुकुर्पाचं चित्र काढलं. ट्जुकुर्पा म्हणजे पूर्वजांनी ही भूमी घडवली ती कथा आणि त्यासोबत आलेला कायदा. इंग्रजीत त्याला 'ड्रीमिंग' म्हणतात, पण त्या शब्दात कायद्याचा भाग हरवतो. कोणतं चित्र कोण काढू शकतं, हे त्या त्या जागेशी असलेल्या नात्यावरून ठरतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे चित्र म्हणजे सातबाराच. काही वर्षांतच ते भित्तिचित्र रंग फासून पुसून टाकलं गेलं.

पण चित्रं थांबली नाहीत. १९७२ मध्ये पापुन्या ट्यूला आर्टिस्ट्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे भागधारक स्वतः चित्रकार. ती साध्या कंपनी कायद्याखालची खासगी कंपनी होती, कारण ॲबोरिजिनल संस्थांसाठीचा वेगळा कायदा अजून यायचा होता. ही कंपनी आजही चालू आहे.

तो काळच तसा होता. १९६७ च्या सार्वमतात ऑस्ट्रेलियाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त मतदारांनी ॲबोरिजिनल लोकांची जनगणनेत मोजणी व्हावी आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करता यावेत, याला होकार दिला होता. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला. समाजाच्या ताब्यातल्या आरोग्य संस्थांची ती सुरुवात मानतात. आज अशा १४० हून जास्त संस्था देशभर आहेत. १९७२ मध्ये आलेल्या व्हिटलम सरकारने 'सामावून घेणं' सोडून 'स्वनिर्णय' हा शब्द धोरणात आणला.

पिंटुपींनी स्वनिर्णयाचा अर्थ सरळ लावला: घरी जायचं. १९८१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सुमारे ५३० किलोमीटरवर किंटोर ही वस्ती उभी राहिली. त्यांच्या भाषेत वालुंगुरु. पाठोपाठ आणखी पश्चिमेला, राज्याची सीमा ओलांडून, किविरकुरा वसलं. ॲलिस स्प्रिंग्जपासून ते सुमारे ७०० किलोमीटर आहे. अंतराचा अंदाज हवा असेल तर मुंबईहून रस्त्याने गोव्याला जा. फक्त वाटेत एकही शहर नाही आणि बराचसा रस्ता मातीचा आहे असं समजा.

मशीन शहरात, माणूस वाळवंटात

मग किडन्या निकामी होऊ लागल्या.

दुर्गम भागातल्या ॲबोरिजिनल लोकांमध्ये किडनीचा आजार बाकी ऑस्ट्रेलियाच्या कित्येक पट आहे. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. आईची आबाळ झाली की बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि त्याच्या किडनीत गाळण्या मुळातच कमी असतात. लहान घरात खूप माणसं राहिली की त्वचेचे जंतुसंसर्ग वारंवार होतात आणि त्यातले काही किडनीवर जातात. वर मैदा-साखरेच्या आहारातून आलेला मधुमेह आणि रक्तदाब. रेशनच्या रांगेपासून डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत एक सरळ वाट जाते.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा करावं लागतं, दर वेळी चार-पाच तास. वर्षाला १५६ वेळा. मशीन होतं ॲलिस स्प्रिंग्जमध्ये. किंटोरच्या माणसाने काय करायचं? घर सोडून शहरात यायचं, कायमचं. शहरात राहायला जागा मिळेलच असं नाही. कोणी होस्टेलमध्ये, कोणी शहराच्या कडेच्या टाऊन कॅम्पमध्ये, कोणी टॉड नदीच्या कोरड्या पात्रात. आजूबाजूला दुसऱ्यांची भूमी, दुसऱ्यांची भाषा. आणि जाणारी माणसं बहुतेक वयस्क, म्हणजे गाणी, विधी, जागांच्या कथा ज्यांच्याकडे होत्या तीच. आजी शहरात गेली की नातवंडांना शिकवणारं गावात कोणी उरत नव्हतं.

त्यामुळे माणसं मध्येच उठून घरी जायची. कुणाच्या अंत्यविधीला, कुणाला भेटायला. परत यायला उशीर व्हायचा आणि कधी कधी परत येणंच व्हायचं नाही. काहींनी तर शहरात न जाता घरी मरण पत्करलं. माझ्या ड्रॉपडाऊनमध्ये हे सगळे 'नॉन-कम्प्लायंट'. त्यांच्या बाजूने पाहिलं तर ते एक कर्तव्य पाळण्यासाठी दुसरं मोडत होते.

डायलिसिस वाळवंटात न्या, ही मागणी तेव्हाच सुरू झाली. आरोग्य यंत्रणेचं म्हणणं होतं की ते जमणार नाही, परवडणार नाही. यंत्रणेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. माझ्यातल्या इंजिनिअरने हिशेब केला: डायलिसिसचं द्रव मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर या वेगाने फिरतं. चार तासांचे १२० लिटर, तेही अतिशुद्ध पाण्याचे. ते मिळवायला त्याहून जास्त कच्चं पाणी लागतं आणि वाळवंटात ते बोअरचं, खनिजांनी भरलेलं. शिवाय अखंड वीज, प्रशिक्षित नर्स, नर्सला राहायला घर. दहा खुर्च्या एका इमारतीत ठेवणं दहा गावांत एकेक खुर्ची ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दिसेल.

पण त्या स्प्रेडशीटमध्ये पेशंटने सोडलेलं गाव कुठल्याच रकान्यात नव्हतं. तो खर्च दुसरंच कोणीतरी भरत होतं, म्हणून तो शून्य दिसत होता.

चार चित्रं

सरकार पैसे देणार नसेल तर आपण उभे करू, असं पिंटुपींनी ठरवलं. त्यांच्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती विकायची यंत्रणा, म्हणजे पापुन्या ट्यूला, जवळपास तीस वर्षांपासून तयार होती.

चार मोठी चित्रं काढली गेली. एक किंटोरच्या पुरुषांनी मिळून, एक किंटोरच्या बायकांनी, एक किविरकुराच्या पुरुषांनी, एक किविरकुराच्या बायकांनी. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीतल्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साऊथ वेल्समध्ये लिलाव झाला. या चार चित्रांसोबत इतर देणगीची कामंही होती. एकूण दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

या लिलावाकडे 'कलाकारांनी समाजासाठी निधी उभारला' अशा नजरेने पाहता येईल. मला त्यातली रचना जास्त महत्त्वाची वाटते. दोन वस्त्या, पुरुष आणि बायका, अशा चार बाजूंनी चार चित्रं. म्हणजे पैसा जमण्याआधीच त्यावर हक्क कोणाचे आणि जबाबदारी कोणाची, हे कॅनव्हासवर ठरलेलं होतं. घरी परत जाण्याचं डायलिसिस त्यांनी घराच्याच चित्रांतून विकत घेतलं. आणि ते पैसे कोणत्याही खात्याच्या योजनेतले नव्हते, त्यामुळे ते कसे वापरायचे हे सांगणारा वरचा साहेब नव्हता. संस्थेचा पुढचा सगळा स्वभाव त्यातून घडला.

२००३ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच सुमारास सारा ब्राऊन ही नर्स कामावर आली आणि पुढे दीर्घकाळ मुख्य कार्यकारी अधिकारी राहिली. २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं.

कायदा आणि वालिट्जा

नोंदणी झाली ती १९७६ च्या एका केंद्रीय कायद्याखाली. ॲबोरिजिनल परिषदा आणि संघटनांसाठी केलेला हा कायदा. हेतू चांगला होता: साधा कंपनी कायदा गुंतागुंतीचा आणि परका आहे, म्हणून सोपा पर्याय द्यावा. प्रत्यक्षात तो बराच जाचक ठरत गेला, त्यावर फेरविचार झाले आणि शेवटी २००६ मध्ये नवा कायदा मंजूर होऊन १ जुलै २००७ पासून लागू झाला. आज या कायद्याखाली तीन हजारांहून जास्त संस्था आहेत.

कायद्यातल्या काही तरतुदी सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. संचालकांपैकी बहुसंख्य ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट बेटवासी असले पाहिजेत. बहुसंख्य संचालक संस्थेचे पगारी नोकर असता कामा नयेत. मुख्य कार्यकारी अधिकारी संचालक होऊ शकतो, पण अध्यक्ष होऊ शकत नाही. साधारणपणे संचालक बाराहून जास्त नसावेत. आर्थिक वर्ष संपल्यावर पाच महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा. प्रत्येक संस्थेचं एक रूलबुक असतं आणि ते सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही, अगदी फोनवरही, वाचता येतं. रूलबुकमध्ये रिवाजाला जागा आहे: सभासद कोण होऊ शकतो, संचालक कोणत्या वस्तीतून किंवा कुटुंबगटातून यावेत, हे संस्था ठरवू शकते.

दुसरी बाजूही आहे. संस्थेचा कारभार बिघडला असं वाटलं तर सरकारी रजिस्ट्रार विशेष प्रशासक नेमून संचालक मंडळाला बाजूला करू शकतो. म्हणजे स्वनिर्णयाचा हा साचा राज्यानेच बनवून दिलाय आणि त्याची एक दोरी राज्याच्या हातात आहे. निधी देणारे तर अनेक. २००९ मध्ये ॲबोरिजिनल आरोग्य संस्थांच्या निधीचा अभ्यास 'ओव्हरबर्डन रिपोर्ट' या नावाने प्रसिद्ध झाला. शीर्षकातच निष्कर्ष आहे: तुकड्यातुकड्यांनी येणारा निधी आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा अहवाल यांच्या ओझ्याखाली या संस्था दबलेल्या होत्या.

अशा चौकटीत समाजाचा ताबा टिकतो तरी कसा? माझ्या मते पर्पल हाऊसचं उत्तर तिच्या नावातल्या 'वालिट्जा' या शब्दात आहे.

पिंटुपी समाजात नात्यांची एक काटेकोर रचना आहे. प्रत्येक माणूस जन्मतःच आठ गटांपैकी एकात असतो. गटाचं नाव पुरुषाला 'ट्ज' ने सुरू होणारं आणि बाईला 'न' ने: ट्जुंगुरायी आणि नुंगुरायी हे एकाच गटातले भाऊ-बहीण. कोणाशी लग्न होऊ शकतं, कोणाशी थट्टा करायची, कोणासमोर गप्प बसायचं, हे यावरून ठरतं. सासू आणि जावई तर एकमेकांना सामोरे जात नाहीत, नजरही टाळतात. आता अशा समाजात दोन खुर्च्यांचं डायलिसिस केंद्र डोळ्यांसमोर आणा. शेजारी शेजारी चार-पाच तास कोण बसणार? मी लिहिलेल्या वेळापत्रकाला पेशंटचं वजन, रक्तगट, मशीनचा क्रमांक सगळं कळतं. ही अट त्याला कळणार नाही. ज्याला ती कळते, असा माणूस निर्णयाच्या जागी बसलेला लागतो.

म्हणून इथे संचालक मंडळ म्हणजे तज्ज्ञांची समिती नाही. डायलिसिसचं तंत्र नर्सला कळतं, हिशेब लेखापालाला कळतो. संचालकांना कळतं ते कोण कोणाचं, कोणी कोणाची काळजी घ्यायची, कोणाच्या भूमीवर कोणाला विचारून जायचं. मंडळात चर्चा त्यांच्या भाषेत होऊ शकते, आणि ज्यांच्या घरात ही खुर्ची आली आहे अशी माणसं तिथे असतात. मराठीत 'खुर्ची' म्हटलं की सत्ता आठवते. इथे दोन्ही खुर्च्या एकाच कुटुंबात आहेत, हा या संस्थेचा खरा नियम आहे. तो रूलबुकच्या आधीपासूनचा आहे.

त्याचे परिणाम साध्या गोष्टींत दिसतात. ॲलिस स्प्रिंग्जच्या जांभळ्या घरात डायलिसिस होतं, पण अंगणात शेकोटीवर कांगारूच्या शेपट्याही भाजल्या जातात. पेशंट रानातल्या वनस्पतींची पारंपरिक मलमं बनवतात आणि संस्था ती विकते. घरभाड्याची कागदपत्रं, सरकारी फॉर्म, गावी जाण्याची सोय, हीही संस्थेचीच कामं. एखाद्या बाहेरच्या मॅनेजरने याला 'मुख्य कामापासून भरकटणं' म्हटलं असतं. 'घरच्यांना बरं करणं' हे मुख्य काम असेल तर यात भरकटण्यासारखं काही नाही.

वाढ म्हणजे काय

माझ्या धंद्यात वाढीचा एक ठरलेला अर्थ आहे. एक नमुना तयार करा, तो शंभर ठिकाणी कॉपी करा, प्रत्येक कॉपीचा खर्च कमी होत गेला पाहिजे. पर्पल हाऊसही वाढली. किंटोरनंतर युएन्डुमू, न्टारिया, लाजामानू, किविरकुरा, मुटिट्जुलू अशा अनेक वस्त्यांत केंद्रं निघाली आणि आज तिचा पसारा नॉर्दर्न टेरिटरी, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि साऊथ ऑस्ट्रेलिया अशा तीन ठिकाणी आहे. पण वाढण्याची तऱ्हा वेगळी. पिंटुपींनी दुसऱ्यांच्या भूमीवर जाऊन केंद्र थाटलं असं झालं नाही. तिथल्या लोकांनी बोलावलं, बहुतेक वेळा स्वतःचा पैसाही घातला.

युएन्डुमूमध्ये वार्लपिरी जमीनमालकांनी सोन्याच्या खाणीतून मिळणाऱ्या रॉयल्टीतला वाटा डायलिसिसला लावला. मुटिट्जुलू ही वस्ती उलुरूच्या पायथ्याशी आहे. तो प्रसिद्ध तांबडा खडक १९८५ मध्ये मूळ मालकांना परत मिळाला आणि त्यांनी तो ९९ वर्षांच्या करारावर राष्ट्रीय उद्यानासाठी भाड्याने दिला. त्या भाड्यातला पैसा मुटिट्जुलूच्या डायलिसिसमध्ये गेला. म्हणजे किंटोरला चित्रं, युएन्डुमूला खाण, मुटिट्जुलूला पर्यटन. तिन्हीच्या मुळाशी जमीन. ज्या समाजाला ओरबाडून देश श्रीमंत झाला, त्याने उरलेल्या तुकड्यातून स्वतःची आरोग्यसेवा उभी केली, हे वाचताना कौतुकासोबत रागही यायला हवा. शहरातल्या माणसाला डायलिसिससाठी चित्र विकावं लागत नाही.

राज्याच्या सीमेनेही त्रास दिला. किविरकुरा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात येतं, पण त्याला जवळचं शहर ॲलिस स्प्रिंग्ज, म्हणजे दुसऱ्या प्रशासनाचं. २००९ च्या सुमारास नॉर्दर्न टेरिटरीने बाहेरच्या नव्या पेशंटना जागा नाही असं सांगितलं. मग किविरकुराच्या माणसाने कुठे जायचं? त्याच्या राज्याच्या राजधानीत, पर्थला, हजाराहून जास्त किलोमीटरवर, जिथे त्याचं कोणीच नाही. किविरकुराच्या एका नामवंत चित्रकाराने तिकडे जायला नकार दिला आणि त्या नकाराची देशभर चर्चा झाली. दोन सरकारांना अखेर बोलणी करावी लागली.

२०११ मध्ये 'पर्पल ट्रक' आला. ट्रकवर बसवलेल्या दोन डायलिसिस खुर्च्या. ज्या गावात कायमचं केंद्र नाही तिथे तो काही दिवस जाऊन थांबतो, आणि शहरात अडकलेले पेशंट तेवढ्या दिवसांसाठी घरी जाऊन येतात. अंत्यविधी, फुटबॉलच्या स्पर्धा, नातवाला भेटणं. ट्रक किती पेशंटना सेवा देतो यावर मोजला तर महागच वाटेल. जी माणसं पूर्वी डायलिसिस चुकवून घरी पळत होती, त्यांच्यासाठी डायलिसिसच घरी गेलं, असा तो मोजायचा.

सगळ्यात मोठा बदल १ नोव्हेंबर २०१८ ला झाला. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकेअर या सार्वजनिक आरोग्य विम्यात अतिदुर्गम भागातल्या डायलिसिससाठी स्वतंत्र दर आला. नर्स किंवा ॲबोरिजिनल आरोग्य कर्मचारी यांनी केलेल्या प्रत्येक डायलिसिसमागे आता ठरलेली रक्कम मिळते. जे काम 'जमणार नाही' म्हटलं गेलं होतं, त्याची अठरा वर्षांनी देशाच्या दरपत्रकात एक ओळ झाली. लिलाव, रॉयल्टी, देणग्या आणि दरवर्षीच्या अनुदान-अर्जांवर चालणाऱ्या संस्थेला पहिल्यांदा हक्काचं उत्पन्न मिळालं. संस्था सांगते की मध्य ऑस्ट्रेलियात डायलिसिसवरच्या पेशंटचं जगण्याचं प्रमाण एके काळी देशात सर्वात वाईट होतं, ते आता सर्वात चांगल्यांत आहे.

न सुटलेलं

ही यशोगाथा म्हणून इथेच थांबवता आली असती. पण तीन गोष्टी अजून सलतात.

पहिली, मनुष्यबळ. संचालक मंडळ ॲबोरिजिनल असलं तरी नर्स बहुतेक बाहेरून येतात आणि दीर्घकाळ मुख्य अधिकारीही बाहेरचीच होती. सारा ब्राऊनच्या कामाला मान आहेच, पण पदावरचं माणूस बदलल्यावर ताबा समाजाकडे राहतो का, ही कोणत्याही संस्थेची खरी परीक्षा असते. शिवाय वाळवंटात नर्सला राहायला घर नसेल तर केंद्राला कुलूप लागतं, मशीन कितीही चांगलं असो.

दुसरी, आकार. दोन वस्त्यांची संस्था असताना वालिट्जा म्हणजे कोण, हे प्रत्येकाला माहीत होतं. तीन प्रशासनं, अनेक भाषा, अनेक जमाती झाल्यावर 'आपल्या सगळ्या घरच्यां'मध्ये कोण कोण येतं? प्रत्येक ठिकाणच्या लोकांचं बोलावणं आणि त्यांचा होकार या रिवाजाने संस्थेने आतापर्यंत हे सांभाळलंय. कायद्यात बारा संचालकांची मर्यादा आहे, नात्यांना मर्यादा नाही. ही ओढाताण पुढे वाढेल.

तिसरी सगळ्यात अवघड. डायलिसिस आजार बरा करत नाही, माणसाला जगवतं. नवं केंद्र उघडतं, त्याचा अर्थ त्या वस्तीत किडनी गमावलेली माणसं पुरेशी झाली आहेत. माझ्या क्षेत्रात ग्राहक वाढले की आनंद साजरा करतात. पर्पल हाऊसच्या वाढीचा प्रत्येक आकडा एकाच वेळी तिचं यश आणि घरं, पाणी, अन्न, रोजगार या बाबतीत देशाचं अपयश दाखवतो. ती कारणं दूर करणं एका संस्थेच्या हातात नाही.

तरी तिने एक प्रश्न कायमचा बदलून टाकला. पूर्वी प्रश्न होता, ही माणसं उपचारासाठी शहरात टिकत का नाहीत. आता प्रश्न आहे, उपचार त्यांच्या गावात का पोचत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेशंटने द्यायचं होतं, दुसऱ्याचं यंत्रणेने. प्रश्नाची दिशा बदलायला पिंटुपींना चार चित्रं, एक कायदा, एक ट्रक आणि अठरा वर्षं लागली. किंटोरमध्ये आज सकाळी कोणी खुर्चीवर बसलं असेल, तर दुपारी सुई काढून झाल्यावर ते माणूस चालत आपल्या घरी जाईल. नातवंडं दारात असतील, आणि संध्याकाळी त्यांना सांगायच्या गोष्टी अजून शिल्लक असतील.